डाव्या पायाची कैफियत

माणसाच्या शरीरातला सर्वांत उपेक्षित अवयव कोणता, असं विचारलं तर शिकलेली माणसं आंत्रपुच्छाचं नाव घेतील. मी डाव्या पायाचं घेईन. नवी सून माप ओलांडते ती उजव्या पायाने. शुभकार्याला निघताना पहिलं पाऊल टाकायचं ते उजवं. सकाळी उठल्या उठल्या आपण कुणावर खेकसलो, तर 'डाव्या कुशीवर उठलात वाटतं' म्हणून बदनामी पुन्हा डाव्या बाजूचीच. जन्मभर निम्मं ओझं वाहूनही या बिचाऱ्याला मानाचं असं एकही काम नाही. एकच होतं, मोटारीचा क्लच दाबण्याचं. आणि तेही काढून घ्यायचं असं मध्यंतरी आमच्या घरात एकमताने ठरलं. एकमताने म्हणजे माझं मत सोडून. आमच्या घरात एकमताची व्याख्या हीच आहे.

त्याचं असं झालं, की आमच्या जुन्या छोट्या गाडीची पंधरा वर्षं भरली आणि पुढची कोणती घ्यायची यावर रविवारी सकाळी पोहे खात बैठक बसली. मी निवृत्त माणूस. ही बहुधा आपली शेवटचीच गाडी, असा एक विचार माझ्या मनात होता. पण तो मी उघड बोललो नाही. असं काही बोललं की आमची ही डोळ्यांना पदर लावते आणि विषय गाडीवरून मृत्युपत्रावर जातो. मी एवढंच म्हणालो, "सेकंडहँड घेऊ. मागे डिकी असलेली, बसकी, जराशी स्पोर्टी. आणि गिअरची."

"स्पोर्टी?" चिरंजीव म्हणाले. "बाबा, तुम्ही आयुष्यात कोणता खेळ खेळलात?"

"कॅरम," मी म्हणालो.

"आणि गिअरची?" हा आवाज मेहुण्याचा. मी जणू मिक्सर सोडून पाटा-वरवंटा मागितला होता. "भाऊजी, आता कोण गिअर टाकतं? ऑटोमॅटिक घ्या. उंच घ्या. सनरूफवाली घ्या." मेहुण्याने नुकतीच अशी एक घेतली आहे. नगरच्या उन्हात राहायचं, छपराला भोक असलेली गाडी जास्त पैसे देऊन घ्यायची आणि मग ऊन लागतं म्हणून त्या भोकाला पडदा ओढून बसायचं, याला तो प्रगती म्हणतो.

ही काही बोलली नाही. तिने फक्त माझ्या डाव्या गुडघ्याकडे पाहिलं. त्या एका नजरेत माझा सगळा खटला निकालात निघाला.

तर वाचकहो, या ऑटोमॅटिकवाल्यांचा एकदा नीट समाचार घ्यायलाच हवा. ही मंडळी चार मुद्दे मांडतात आणि चारही असे मांडतात, की ऐकणाऱ्याला आपण कालपर्यंत गुहेत राहत होतो की काय असं वाटावं.

पहिला मुद्दा ट्रॅफिकचा. रोज हिंजवडीला जाऊन दीड-दोन तास क्लच दाबत बसणाऱ्या माणसाने ऑटोमॅटिक जरूर घ्यावी. जमलं तर त्याने घरही बदलावं. ज्याचा पाय खरोखर चालत नाही, त्याच्यासाठी तर ती देवाची देणगीच आहे. पण मी राहतो नगरात, म्हणजे कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगरात. माझा ट्रॅफिक म्हणजे घरापासून भाजीबाजार, भाजीबाजारापासून वाचनालय आणि वाटेत आडवी बसलेली एक म्हैस. वर्षातून आठ दिवस पुण्याच्या गर्दीत अडकावं लागतं म्हणून उरलेले तीनशे सत्तावन्न दिवस डाव्या पायाला बेकार ठेवायचं? शेजारच्या लग्नात बँड वाजणार म्हणून कुणी वर्षभर कानात बोळे घालून बसत नाही.

दुसरा मुद्दा, 'आता सगळे तीच घेतात.' खरं आहे. पूर्वी आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणजे श्रीमंतांचं काम. २०१४ साली सेलेरिओमधून एएमटी नावाचा प्रकार आला आणि स्वस्तातली ऑटोमॅटिक मध्यमवर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. ही एएमटी म्हणजे काय? तर गिअरची पेटी आपलीच, जुनी; फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला आत एक यांत्रिक गडी ठेवलेला. गडी प्रामाणिक असतो, पण विचार करायला वेळ घेतो. तो गिअर बदलतो तेव्हा आत बसलेली मंडळी कीर्तनाला बसल्यासारखी माना डोलावतात. म्हणजे आपण जे काम करत होतो तेच काम करायला नोकर ठेवायचा, त्याचा पगार आपणच द्यायचा आणि वर त्याचे हिसके सोसायचे. याला सुख म्हणतात.

तिसरा मुद्दा मायलेजचा, आणि इथे मला शरण जाणं भाग आहे. 'ऑटोमॅटिक पेट्रोल पिते' असं आम्ही गिअरवाले वर्षानुवर्षं छाती ठोकून सांगत आलो. जुन्या पेट्यांच्या बाबतीत ते खरंही होतं. आता ते तसं राहिलेलं नाही. नव्या पेट्या बरोबरीने धावतात आणि कधी कधी आमच्यासारख्या उगाच तिसऱ्यात रेंगाळणाऱ्या माणसापेक्षा कमीच पितात. इथे मी हरलो. वादात एखादा मुद्दा हरलेला बरा असतो. बाकीचे खरे वाटतात.

चौथा मुद्दा गुडघ्याचा. तो सर्वांत शेवटी घेतो, कारण खरं भांडण तिथेच आहे.

त्याआधी घाटाबद्दल बोलू. आमच्या वडिलांकडे प्रीमियर पद्मिनी होती. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसी, जेमतेम चाळीसएक घोड्यांची. नावाने पद्मिनी असली तरी मराठी माणूस तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणाला. तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबालाच असे. वडिलांचा एक नियम होता : ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. कारण खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेक तापत नाहीत. या एका नियमावर त्यांनी माळशेज कितीतरी वेळा उतरला. आज मी मेहुण्याच्या गाडीतून माळशेज उतरतो तेव्हा सगळा उतार त्याचा पाय ब्रेकवर असतो आणि खाली पोचेपर्यंत चाकांना पापड भाजल्याचा वास येतो. त्याच्याही गाडीत खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय आहे. दांड्याच्या शेजारी एक अक्षर लिहिलेलं आहे. पण ते अक्षर वापरायचं असतं हे त्याला ठाऊकच नाही. गाडी आपलं आपण बघते, एवढंच त्याला सांगण्यात आलेलं आहे. माझा राग यंत्रावर नाही, या वाक्यावर आहे. 'गाडी आपलं आपण बघते' असं ज्याला एकदा पटलं, तो घाटाकडे बघायचं सोडून देतो.

असो. बैठक निष्फळ झाली आणि मी एकटाच गाड्या बघायला बाहेर पडलो. महिनाभर फिरून यादी दोन गाड्यांवर आली आणि योगायोग असा, की दोघीही महाराष्ट्राच्या लेकी निघाल्या. एक फियाट लिनिया टी-जेट, रांजणगावच्या कारखान्यातली. दुसरी स्कोडा लॉरा व्हीआरएस, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला जुळवलेली. एक माहेर आमच्या पुण्याच्या रस्त्याला, दुसरं संभाजीनगरच्या रस्त्याला, आणि मध्ये मी. रांजणगाव म्हटल्यावर आमच्या सासूबाईंनी फोनवरून लगेच मत दिलं. महागणपतीच्या गावची आहे, तीच घ्या. मोटार निवडण्याची ही पद्धत इतर पद्धतींपेक्षा वाईट आहे असं मला आता वाटत नाही.

आता दोघींची कुंडली मांडतो. लिनिया २०१४ ची. इंजिन १३६८ सीसी, टर्बो पेट्रोल, ११४ घोडे, पाच गिअर, पाचशे लिटरची डिकी. मालक अडीच लाख सांगत होता. लॉरा २०१२ ची. इंजिन १७९८ सीसी, हीसुद्धा टर्बो पेट्रोल, १६० घोडे, सहा गिअर. मालक साडेपाच लाखांवर अडून बसलेला. घोड्यांचाच हिशेब केला तर लॉराच्या तबेल्यात शेहेचाळीस घोडे जास्त, म्हणजे वडिलांची अख्खी फियाट वरून मोफत. शिवाय या घराण्यात हाताने गिअर टाकायची परंपरा पुढे आपल्याकडे संपली. २०१७ साली आलेली ऑक्टाव्हिया आरएस २३० घोड्यांची होती, २०२० साली दोनशेच गाड्या आल्या त्या २४५ घोड्यांच्या, पण दोन्ही फक्त ऑटोमॅटिक. म्हणजे घोडे वाढत गेले आणि लगाम काढून घेतला. त्यामुळे व्हीआरएसचा मालक तिच्याबद्दल बोलताना वंशातला शेवटचा दिवा असल्यासारखा बोलायचा.

जुनी गाडी बघण्याचं एक शास्त्र आहे आणि ते मला आमच्या मिस्त्रींनी शिकवलं. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघायची. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर चहा पिऊन ती थंड होईपर्यंत बसायचं. कारण थंड इंजिन पहिल्या दहा सेकंदांत जे बोलतं ते खरं बोलतं. मग हँडब्रेक ओढून, चौथा टाकून क्लच हळूहळू सोडायचा. गाडी गचका देऊन बंद पडली तर क्लच शाबूत. इंजिन खुशाल फिरत राहिलं तर क्लच प्लेट संपली. आणि टायर बघायचे. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. लॉराचा तरुण मालक मला म्हणाला, "काका, टायर एकदम नवे आहेत." मी चष्मा लावून वाकलो. आकडे होते ३४१६. म्हणजे २०१६ सालचा चौतिसावा आठवडा. "बाळा," मी म्हणालो, "हे टायर शाळेत जायच्या वयाचे आहेत." त्यानंतर तो मला 'सर' म्हणू लागला.

लॉरा चालवून पाहिली. काय सांगू! पाय ठेवायचा अवकाश, की पाठ सीटला चिकटते. डोंगरासारखी ताकद, आणि तीही इंजिन जेमतेम फिरायला लागल्यापासून. चौथा टाकला आणि मी तो बदलायचंच विसरून गेलो. चाळीसला चौथा, साठला चौथा, ऐंशीलाही चौथाच. कुठेही, कधीही, काहीही तक्रार नाही. उतरलो तेव्हा मी भारावून गेलो होतो. पण घरी येताना एस.टी.त बसलो आणि डाव्या पायाने हळूच विचारलं, 'मी काय केलं?' खरंच, काय केलं होतं त्याने? गाडी निघताना तीन-चारदा दाबला आणि नंतर पाहुण्यासारखा बसून राहिला. म्हणजे ही गाडी गिअरची खरी, पण मनाने ऑटोमॅटिक. तिला माझी गरज नव्हती. मी नसतो तरी तिचं उत्तम चाललं असतं, आणि अशा गोष्टी माझ्या आयुष्यात आधीच पुष्कळ झाल्या आहेत.

आता गुडघ्याचा मुद्दा. निवृत्त झाल्यावर माणसाची कामं एकेक करून प्रेमाने काढून घेतली जातात. आधी माळ्यावरचे डबे काढणं गेलं. शिडीवर चढू नका. मग बाजाराची जड पिशवी गेली. वीजबिल भरायला रांगेत उभं राहणं गेलं. मुलगा मोबाईलवर दोन मिनिटांत भरतो. बँकेत जाऊन पासबुक भरून आणणं गेलं, आणि त्याबरोबर तिथल्या कॅशियरशी दर महिन्याला होणाऱ्या गप्पाही गेल्या. प्रत्येक वेळी वाक्य एकच : 'तुम्ही बसा हो आरामात.' ऐकायला इतकं गोड आणि अर्थाने इतकं भयंकर वाक्य मराठी भाषेत दुसरं नसेल. आराम वाईट नाही. पण आरामाचा एक स्वभाव आहे. तो एक काम घेऊन थांबत नाही. तो चहाला येतो आणि मुक्कामाला राहतो.

गुडघा दुखतो, नाकारत नाही. पण तो दुखतो जिना उतरताना. क्लच दाबताना दुखत नाही, हे मी डॉक्टरांना सांगितलं, हिला सांगितलं, मेहुण्यालाही सांगितलं. डॉक्टरांनी तपासून मान्य केलं. बाकीच्यांनी तपासलं नाही, त्यामुळे मान्यही केलं नाही. ज्या दिवशी हा पाय क्लच पुरता दाबू शकणार नाही, त्या दिवशी मी स्वतः किल्ली ताटात ठेवून देईन. रस्ता माझ्या एकट्याचा नाही, हे मला कळतं. पण 'उद्या दुखेल' म्हणून आज काम सोडायचं, हे कुठलं शहाणपण? या हिशेबाने माणसाने दातही चाळिशीतच काढून ठेवावेत.

हे सगळं मी पुढच्या रविवारी बैठकीत बोललो. जरा चढ्या आवाजातच. पोहे गार झाले. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, भावनेच्या भरात जाऊ नका. फियाटचं दुकान २०१९ सालीच बंद झालंय इथलं. पार्ट कुठून आणणार?" हा प्रश्न खरा होता, म्हणून तो घेऊन मी मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "सर, ज्याचं दुकान चालू आहे त्याचा पार्ट मिळतो, पण बिल बघून खाली बसावं लागतं. ज्याचं दुकान बंद आहे त्याचं बिल कमी, पण पार्टची वाट बघत बसावं लागतं. बसायचं दोन्हीकडे आहेच." शिवाय त्यांनी सांगितलं, की आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी या दोन्ही गाड्या बनलेल्या नाहीत, रबरी नळ्या आणि सील तपासत राहावे लागतील, मायलेजही थोडं घटेल. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून ऊस गाडीला बाधतो अशी तक्रार कुठल्या तोंडाने करायची? मी गप्प बसलो. आणि लॉराची पंधरा वर्षं २०२७ मध्ये भरतात, लिनियाची २०२९ मध्ये. त्यानंतर आरटीओची तपासणी, पाच वर्षांचं नूतनीकरण, पर्यावरण कर. दोन वर्षं ही तरुण माणसाला काही वाटत नाहीत, मी मोजली.

शेवटी लिनिया चालवून बघायचा दिवस आला. ही म्हणाली, "मीही येते." माझ्यावर नजर ठेवायला येत असणार, असं मी समजलो. आम्ही संभाजीनगरच्या रस्त्याला लागलो. दोन हजार फेऱ्यांच्या खाली ही गाडी झोपलेली असते. तिला चौथ्यात रेंगाळत ठेवलं तर ती हूं की चूं करत नाही. तिसरा टाका, फेऱ्या वाढवा, की टर्बो जागा होतो आणि मग ती अशी काही उठते, की वाटावं हिला कुणीतरी माहेरहून हाक मारली. स्टिअरिंग हायड्रॉलिक, जरा जड, पण रस्त्यावरचा प्रत्येक खडा हातात कळवणारं. डावा पाय खूश होता. मी घामाघूम झालो होतो आणि मीही खूश होतो.

इमामपूर घाटाच्या अलीकडे ही म्हणाली, "थांबवा जरा. मी बघते."

मला आठवलंच नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी हिला गाडी शिकवली ती वडिलांनी. मी शिकवायला घेतली होती, पण तिसऱ्या दिवशी आमचं बोलणं बंद झालं, तेव्हा वडिलांनी सूत्रं हाती घेतली. पद्मिनीत बसून दोघं पहाटे भुईकोट किल्ल्याला प्रदक्षिणा घालत. पुढे मुलं, घर, स्वयंपाक. गाडी माझ्याकडे राहिली. तिचंही एक काम कुणीतरी प्रेमाने काढून घेतलं होतं. ते कुणी, हे लिहायला नको.

तिने पदर खोचला, आरसा नीट केला आणि गाडी काढली. घाट सुरू व्हायच्या आधीच, मी काही बोलायच्या आत, तिचा डावा पाय खाली गेला आणि तिसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. ती चढली. वर जाऊन वळवली आणि त्याच तिसऱ्यात उतरली. ब्रेकला पाय लावला असेल तर दोनदा. मागे बसलेला गाडीचा मालक दोनदा "वा" म्हणाला, आणि त्याने किंमत कमी न करण्याचं मनात नक्की केलं.

खाली आल्यावर तिने गाडी बाजूला घेतली, इंजिन मिनिटभर चालू ठेवलं आणि मग बंद केलं.

"मामंजींच्या गाडीसारखी आहे अहो," ती म्हणाली. "विचारते. सांगितलं की करते."

मग पदर सोडून मालकाकडे वळली आणि दहा मिनिटांत त्याला दोन लाख तीस हजारांवर आणलं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. मेहुण्याला कळलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, "ताई, तूसुद्धा?" ती म्हणाली, "तुझी गाडी आणशील तेव्हा ते दांड्याशेजारचं अक्षर दाखवते तुला. घाटात वापरायचं असतं ते."

गाडी आता दारात उभी आहे. पूजा झाली, लिंबू ठेवलं, पहिलं चाक सासूबाईंच्या सूचनेप्रमाणे रांजणगावच्या दिशेने फिरलं. माझं मत तुम्हाला कळलंच आहे : गाडी घ्यायची तर जी आपल्याकडून काही करून घेईल ती घ्यावी. कौतुकाला फार घोडे लागत नाहीत, आणि नुसता आराम पुढे फुकट मिळणारच आहे.

एकच अडचण झाली आहे. मी हे लिहीत बसलो आहे, कारण गाडी घरात नाही. ती घेऊन ही भाजी आणायला गेली आहे. जाताना म्हणाली, "तुम्ही बसा हो आरामात."